करडीचा डबा फेकू नका, गोळी थांबवू नका

«नमस्कार डॉक्टरताई. माझे मिस्टर बेचाळीस वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे आहेत आणि त्यावर पांढरी खवलं येतात. पहिलं वर्षभर नायटा समजून मलमं लावली. मग डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. तिनं चांगला आराम होता. दिवाळीआधी ओळखीच्या एकानं सांगितलं, हा रोग करडीच्या तेलानं होतो, अंगातली चरबी बिघडते, ओमेगाच्या कॅप्सूल घ्या आणि ती केमिकलची गोळी सोडा. तीन महिन्यांचे आठ हजार चारशे घेतले. आम्ही माळकरी. कॅप्सूल माशाच्या तेलाची आहे हे डबीवर नंतर वाचलं. गोळी सोडल्यापासून चट्टे पाठीवर आणि डोक्यात गेलेत. उजव्या हाताचं एक बोट सकाळी सुजतं, अंगठी निघत नाही, ते कामानं असेल. येळवशीला शेतात दोघा पाहुण्यांनी यांच्या हातची आंबील घेतली नाही. सासूबाईंनी यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. पोरगी अकरावीला आहे, तिलाही होईल का? करडीचं तेल बंद करू का? जवस द्यावा का? घरात आम्ही पाच जण, पंधरा किलोचा डबा दोन महिने जातो.»
– एक वाचक, तालुका उदगीर

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. सकाळी बोट सुजतं आणि अंगठी निघत नाही. तेलाचं मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. पण आधी ते बोट.

शेतात राबणाऱ्या माणसाची बोटं दुखतातच. पण कामानं दुखणारं बोट संध्याकाळी दुखतं आणि रात्रीच्या झोपेनं मोकळं होतं. उठल्यावर ताठलेलं, सुजलेलं, आणि तास-दीड तास हालचाल केल्यावर सैल पडणारं बोट वेगळी गोष्ट सांगतं. सोरायसिस सांध्यात उतरतो तेव्हा असं होतं. आज त्यांची नखं उजेडात नीट बघा. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का? शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. नखाचं टोक पिवळट होऊन खालून सुटलंय का? टाच किंवा कंबर सकाळी आखडते का? यातलं काहीही असेल तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. चट्टे गेल्यावर कातडी पहिल्यासारखी होऊ शकते, सांधा तसा होत नाही. झिजलेला सांधा औषधानं परत येत नाही आणि काही महिन्यांच्या उशिरानंही फरक पडतो. तुमचे पहिले डॉक्टर जवळ असतील तर त्यांच्याकडेच जा, त्यांना सगळा इतिहास माहीत आहे. नाहीतर लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत जा. केसपेपर काढून आत गेल्यावर पहिल्या वाक्यात चट्टे सांगू नका, बोट सांगा.

आता ती गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण आठवड्यातून एकदा म्हणालात म्हणजे ती बहुतेक मेथोट्रेक्सेट. जुनी, स्वस्त, आणि कुणी नीट लक्ष ठेवून दिली तर फार उपयोगी. सोरायसिसमध्ये आपल्याच संरक्षक पेशी आपल्याच कातडीवर उठलेल्या असतात आणि ही गोळी त्यांना आवरते. ती अचानक सोडली की रोग परत उसळतो, तुमच्याकडे तेच झालंय. कॅप्सूलनं चट्टे वाढले असं नाही, गोळी गेली म्हणून वाढले. तरीही घरात उरलेल्या पत्त्यातून आपल्या मनानं परत सुरू करू नका. आधी रक्ताच्या पेशी, यकृत आणि किडनी तपासून डॉक्टर डोस ठरवतील, सोबत फॉलिक ॲसिड देतील, दारू असेल तर ती पूर्ण बंद करायला सांगतील. आणि एक गोष्ट मी प्रत्येक घराला सांगते: वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वाराला पेनानं गोल करा, आणि गोळी तुमच्या हातानं द्या. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेल्यानं माणसं दगावलेली आहेत. औषध वाईट नाही, पण त्याच्यात चुकीला जागा नाही.

एवढं बजावल्यावर तेलाकडे येते. तुमच्या त्या ओळखीच्या माणसानं सांगितलेल्या गोष्टींपैकी एक खरी आहे, म्हणून तर बाकीच्या पटल्या. सोरायसिसमध्ये चरबीचा व्यवहार खरोखरच बिघडलेला असतो.

ओपीडीत आम्ही काचेच्या पट्टीच्या कडेनं चट्टा हलकेच खरवडतो. आधी मेणबत्ती खरवडल्यासारखा पांढरा भुगा निघतो. मग एक पातळ ओलसर पापुद्रा सुटतो आणि त्याखाली लाल जागेवर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उभे राहतात. मी हे हजारदा पाहिलं असेल, तरी ठिपके दिसले की दर वेळी मनात येतं, या माणसाची कातडी किती घाईत आहे! निरोगी कातडीतली पेशी खालच्या थरात जन्मून वर येऊन गळायला साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर येतात, एकमेकींना चिकटून थर करतात, तीच ती खवलं.

महिन्याच्या त्या प्रवासात पेशी आणखी एक काम करत असते. ती स्वतःभोवती चरबीचा लेप तयार करते. तुमच्याकडे जुनी माळवदाची घरं अजून उभी असतील. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकून ती चोपून बसवावी लागते, नाहीतर पहिल्याच झडीत घरात पाणी ठिबकतं. कातडीतला चरबीचा लेप म्हणजे ती चोपलेली माती. फरक इतकाच की तो लेप आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. चार दिवसांत वर आलेल्या पेशीला हे काम पुरं करायला वेळच मिळत नाही. लेपाला भेगा राहतात, ओल उडून जाते, कातडी फुटते, खाज सुटते, आणि फुटलेल्या कातडीकडे संरक्षक पेशी आणखी धावतात.

आता गंमत ऐका, ही करडीच्या बाजूची आहे. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना चरबी अजिबात नसलेला आहार दिला. काही महिन्यांत उंदरांच्या शेपट्या खवल्याखवल्यांच्या झाल्या, पाय खरबरीत झाले. मग त्यांनी लिनोलिक नावाचं मेदाम्ल, म्हणजे तेल-चरबी ज्यांची बनते त्यांतला एक घटक, थोडंसं दिलं आणि कातडी सुधारली. कातडीचा तो लेप बांधायला हेच मेदाम्ल लागतं आणि शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. आणि आपल्या पारंपरिक करडीच्या तेलात ते जवळजवळ तीन चतुर्थांश असतं. आपल्या रोजच्या तेलांत इतकं दुसऱ्या कशात क्वचितच. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्या करडीवर इतकी वर्षं काम केलं, 'परभणी कुसुम'सारखं वाण दिलं, ती करडी कातडीची वैरी नाही.

मग आरोप आला कुठून? तोही सांगते, कारण तो हवेतून आलेला नाही. शरीर लिनोलिकपासून पायरी पायरीनं ॲराकिडोनिक नावाचं दुसरं मेदाम्ल बनवतं. १९७५ साली स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी सोरायसिसच्या चट्ट्यांतली कातडी तपासली, तेव्हा त्यात मोकळं ॲराकिडोनिक आम्ल आणि त्यापासून बनणारे पदार्थ निरोगी कातडीपेक्षा कितीतरी जास्त सापडले. त्या गटातले बेंग्ट सॅम्युएलसन यांना पुढे १९८२ साली याच कुळातल्या पदार्थांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. हे पदार्थ रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाका मारून बोलावतात आणि जागा लाल होते, सुजते. यावरून कुणीही सरळ हिशोब मांडेल: करडीतून लिनोलिक, लिनोलिकमधून ॲराकिडोनिक, त्यातून आग, म्हणून करडी बंद. पण शरीर असा हिशोब करत नाही. खाण्यात लिनोलिक वाढवलं म्हणून रक्तातलं ॲराकिडोनिक त्या प्रमाणात वाढत नाही, हे माणसांवरच्या अनेक अभ्यासांत दिसलंय. शरीर जेवढं हवं तेवढंच पुढे ढकलतं. चट्ट्यातलं जास्तीचं ॲराकिडोनिक कढईतून आलेलं नसतं. तिथं चाललेल्या भडक्यात पेशींच्या भिंतींमधून ते ओरबाडून सुटं केलेलं असतं.

आणखी एक साधी गोष्ट. मराठवाड्यात सोयाबीनचा पेरा वाढत गेला तसा करडीचा घटत गेला, सोरायसिस मात्र करडीमागोमाग गेला नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या अहवालात देशोदेशीचे आकडे आहेत, त्यात सगळ्यात वरचा नॉर्वेचा, ११.४ टक्के. तिथं करडी कोण खातंय? मासे मात्र भरपूर खातात.

गेल्या दहा-बारा वर्षांत या विषयात जे कळलंय ते मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या मिस्टरांचे चट्टे औषधानं गेले होते आणि परत आले, तेव्हा पहिल्यांदा कुठे आले? माझी खात्री आहे, त्याच कोपरांवर, त्याच गुडघ्यांवर. रुग्ण मला विचारतात, बाई, याला जागा कशी आठवते? खरोखरच आठवते. चट्टा बरा झाला तरी काही संरक्षक पेशी त्या जागेची कातडी सोडत नाहीत, तिथंच मुक्काम ठोकून राहतात. त्या वर्षानुवर्षं जगतात कशावर? २०१७ साली बोस्टनमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्या भोवतालची मोकळी मेदाम्लं उचलून आत घेतात आणि तीच जाळून तग धरतात. मेदाम्ल उचलून नेणारं एक प्रथिन त्यांच्यात वाढलेलं असतं. माणसाच्या कातडीतही, सोरायसिसच्या कातडीतही ते तसंच सापडलं. योगायोग बघा, त्याच प्रथिनाचा शोध १९९२ साली डेन्मार्कमध्ये सोरायसिसच्याच कातडीत लागला होता, म्हणून त्याच्या पहिल्या नावातच सोरायसिस होतं.

रोग पेटवणाऱ्या पेशींची आणखी एक जात आहे. २०१४ साली जर्मनीत उंदरांच्या आणि माणसांच्या पेशींवर दिसलं की आग लावणाऱ्या पेशी स्वतःची चरबी स्वतः तयार करतात, आणि आग शमवणाऱ्या पेशी ती बाहेरून घेतात. चरबी तयार करणारं यंत्र औषधानं अडवलं तर आग लावणाऱ्या पेशी कमी बनल्या आणि शमवणाऱ्या वाढल्या. उद्याची औषधं इथून येऊ शकतात, म्हणून जगभर यावर काम चाललंय. पण नीट पाहा, हा सगळा व्यवहार पेशीच्या आतला आहे. कुठली चरबी बनवायची, कुठली उचलायची, कुठली जाळायची हे तिथं ठरतं. वरून चमचाभर तेल बदललं म्हणून ते यंत्र थांबत नाही. त्या माणसानं तुम्हाला विज्ञानाचं एक खरं वाक्य दाखवलं आणि त्याच्या आडून डबी विकली, याचा मला राग आहे. गोळी सोडायला लावली, याचा त्याहून जास्त.

माशाच्या तेलाचं काय, तेही स्पष्ट सांगते. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सील आणि मासे खाऊन राहणाऱ्या लोकांत हृदयविकार आणि सोरायसिस कमी दिसतो, असं १९७०-८०च्या काळात डॅनिश डॉक्टरांनी लिहिलं. त्यावरून आशा धरली गेली. १९८८ साली इंग्लंडमधल्या एका छोट्या चाचणीत रोज दहा कॅप्सूल आठ आठवडे दिल्या, खाज आणि लाली थोडी उतरली. मग १९९३ साली मोठी चाचणी झाली. १४५ रुग्ण, चार महिने. निम्म्यांना रोज सहा ग्रॅम शुद्ध केलेलं माशाचं तेल, निम्म्यांना मक्याचं तेल, कुणाला काय हे रुग्णांना माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. शेवटी दोन्ही गटांत फरक नव्हता. मक्याचं तेल पुन्हा लिनोलिकनं भरलेलंच, हेही लक्षात ठेवा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही काही रुग्णांना या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. कुणाचं नुकसान झालं नाही, पण चट्टे गेले असंही कुणी सांगितलं नाही. मी लिहिणं बंद केलं.

म्हणून तुमच्या माळेबद्दल मनात काही ठेवू नका. नकळत घेतलं गेलं, त्याचा दोष तुमच्यावर येत नाही. आणि माळ सांभाळली म्हणून उपचारात काही कमी पडणार नाही. उरलेल्या कॅप्सूल बंद केल्यानं काही बिघडत नाही. डॉक्टरांकडे जाताना ती डबी मात्र घेऊन जा, त्यात आणखी काय आहे ते त्यांना वाचू द्या. अशा माणसानं कॅप्सूलसोबत बिनलेबलची पुडी किंवा काळ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या आधी दाखवा. तसल्या पुड्यांत कधी स्टेरॉइड निघतं, कधी पारा, शिसं. स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन थांबवल्या की सोरायसिस अंगभर पुवाच्या फोडांनी उठू शकतो. तेव्हा मग घरी बसून चालत नाही, दवाखान्यात भरतीच व्हावं लागतं.

जवस जरूर द्या. औषध म्हणून नको, चटणी म्हणून. जवसात सुमारे चाळीस टक्के तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त ओमेगा-३ कुळातलं. शरीर त्याचं माशातल्या ओमेगात रूपांतर फार थोडं करतं, शंभरातले काही थोडेच भाग, त्यामुळे जवसानं चट्टे जातील असं मी म्हणणार नाही. पण भाकरीसोबत रोज दोन चमचे जवसाची चटणी हृदयाला चांगली, पोटाला चांगली, आणि तुमच्या घरात ती बनतेच. मंद आचेवर जवस तडतडेपर्यंतच भाजा, लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटा, आणि आठवडाभराचीच करा. कुटलेला जवस लवकर खवट होतो. जवसाचं तेल बाटलीतून पिण्याची फॅशन आलीय, तिच्या नादी लागू नका.

तुम्ही सहज लिहून गेलात त्या आकड्यावर मात्र मी बराच वेळ बसले. पाच माणसं, पंधरा किलोचा डबा, दोन महिने. म्हणजे माणशी रोज पन्नास ग्रॅम. साधारण वीस-पंचवीस ग्रॅम पुरतात. तेल करडीचं की सोयाबीनचं यापेक्षा हा दुप्पट आकडा यांच्या अंगाला जास्त नडतो. कारण पोटाभोवती साठलेली चरबी गप्प बसत नाही. तीही सूज वाढवणारे रेणू रक्तात सोडते, ज्यांतले काही थेट सोरायसिसचेच आहेत. यांचं वजन तुम्ही लिहिलं नाही. शिवायच्या टेपनं बेंबीच्या उंचीवर कंबर मोजा, पोट आत न ओढता. नव्वद सेंटिमीटरच्या पुढे असेल तर वजन उतरवणं हा उपचाराचा भाग आहे, सल्ल्याचा नाही. आहाराच्या बाबतीत सोरायसिसला सगळ्यात भक्कम पुरावा याच एका गोष्टीला आहे: वजन जास्त असलेल्यांनी खाणं कमी करून वजन उतरवलं की चट्टे कमी होतात आणि औषध चांगलं लागू पडतं. डब्यावर तारीख घाला आणि तो चार महिने पुरवायचा असं ठरवा. तळण आठवड्यातून एकदा. पाम तेलाचं फरसाण, वनस्पती तुपातली खारी, बटर, टोस्ट घरात येऊच देऊ नका. जर्मनीत उंदरांवर झालेल्या अभ्यासात असल्या घट्ट, संतृप्त चरबीनं कातडीची सूज वाढली, उंदीर लठ्ठ नसले तरीही. माणसावर तितकं ठाम अजून कुणी म्हणू नये, पण हृदयासाठी तर ते सोडायचंच आहे.

हृदयाचं मी मुद्दाम काढलं. माझ्याकडे एक एसटी चालक यायचे. चट्ट्यांसाठी नियमित, पण रक्तातली चरबी तपासा म्हटलं की पुढच्या खेपेला म्हणायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंगवरच छातीत कळ आली. वाचले, गाडी चालवणं मात्र सुटलं. सोरायसिस जुना आणि जास्त असला की साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, यकृतावरची चरबी आणि हृदयाचा झटका या सगळ्यांचा धोका वाढतो. यकृतावर आधीच चरबी असेल तर मेथोट्रेक्सेटही जपून द्यावी लागते. म्हणून रक्त काढायला बसलात की उपाशीपोटीची साखर आणि लिपिड प्रोफाइल त्याच सुईत करून घ्या. बिडी असेल तर तीही जाऊ द्या, ती सोरायसिस वाढवते.

आणि तेल जिथं खरं कामाचं आहे ती जागा म्हणजे कातडीची बाहेरची बाजू. थंडीत आपल्याकडे हवा कोरडी होते, लोक चुलीवरचं कढत पाणी घेतात, शेकोटीला बसतात, आणि डिसेंबर-जानेवारीत माझी ओपीडी भरते. पाणी कोमट घ्या. अंग टिपून घेतलं की ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल किंवा साधं पेट्रोलियम जेली सगळ्या चट्ट्यांवर चोळा. माळवदावरची माती बाहेरून टाकायची ती अशी. डोक्यातली खवलं नखानं उपटू नका, रात्री खोबरेल लावून सकाळी मऊ झाल्यावर धुवा. डॉक्टर त्यासाठी सॅलिसिलिक आम्लाचं किंवा डांबराचं औषध देतील. नायट्यासाठी म्हणून घरात पडलेली जुनी मलमं फेकून द्या, त्यांतल्या बऱ्याच मलमांत कडक स्टेरॉइड असतं.

आता हरभऱ्याचे दिवस आहेत. सोरायसिस असलेल्या माणसाला जिथं खरचटतं तिथं आठ-पंधरा दिवसांत नवा चट्टा उठू शकतो, कॉबनर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८७०च्या दशकात नोंदवलंय. पहाटे दवात हरभऱ्याची आंब हाताला लागून आधीच चुरचुरतं, त्यात तुरीच्या काड्या ओरखडे काढतात. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालून, हाताला जेली लावून शेतात जाऊ द्या. सकाळचं कोवळं ऊन पाठीला लागू दे, दुपारचं नको, भाजलेल्या कातडीवरही चट्टे येतात.

आणि ती आंबील. ताई, हे वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं. येळवशीला आपण पांडवांची पूजा करतो, वाटसरूलाही बोलावून भज्जी वाढतो, आणि त्याच पंगतीत घरच्या माणसाच्या हातचं नको म्हटलं गेलं. सोरायसिस शिवल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं, एकाच टॉवेलनं अंग पुसल्यानं होत नाही. त्यात जंतूच नाही. वेगळ्या ताटानं कुणाचंही रक्षण होत नाही, माणूस मात्र आतून मोडतो. मी असे रुग्ण पाहिलेत ज्यांना चट्ट्यांपेक्षा घरातल्या वेगळ्या तांब्यानं जास्त छळलं. सासूबाईंना वाईट म्हणू नका, त्या भीतीनं वागतात. त्यांना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर त्या चट्ट्यावर उघडा हात ठेवायला सांगा. मी हे करते. त्यानंतर फार बोलावं लागत नाही.

लेकीचं विचारलंत. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही. तिची आत्ता कसलीही तपासणी करायची गरज नाही. घसा वारंवार धरत असेल तर दुर्लक्ष करू नका, कारण काही मुलांत घशाच्या संसर्गानंतर अंगावर थेंबाथेंबांसारखा सोरायसिस उठतो. तिला वडिलांजवळ बसू द्या. पुढे लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर लपवू नका, रोगाचं नाव सांगा आणि तो लागट नाही हेही सांगा.

जाताना जुना केसपेपर, गोळीचा रिकामा पत्ता, कॅप्सूलची डबी आणि चट्ट्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो सोबत ठेवा. बोटाचा फोटो सकाळी उठल्या उठल्या काढा, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते. आणि अंगठी आजच काढून ठेवा. संध्याकाळी सूज कमी असते, तेव्हा हात थोडा वेळ वर धरायला सांगा, खोबरेल लावा आणि ओढू नका, फिरवत फिरवत काढा. नाहीच निघाली तर उदगीरला जाल तेव्हा सोनाराकडून कापून घ्या.